खुर्ची देशाची, पण तिच्यावर बसतो कोण?



ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावले आणि आपल्याकडे रातोरात सगळेच स्वदेशीवादी झाले. विदेशी मालावर बहिष्कार टाकण्याच्या याद्या फिरू लागल्या. कुणी म्हणाले, ब्रिक्स बळकट करा. कुणी म्हणाले, डब्ल्यूटीओला लाथ मारून बाहेर पडा. आपल्या चळवळीतल्या तरुणांच्या ग्रुपवरही हेच मेसेज जसेच्या तसे पुढे ढकलले गेले. जणू भारत जगात कुठे बसतो आणि कुणाबरोबर बसतो, एवढाच काय तो प्रश्न आहे.

आंबेडकरी माणसाने या गर्दीत सामील होण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. भारत अमुक संघटनेचा सदस्य आहे, असे आपण म्हणतो तेव्हा नेमका कोण सदस्य असतो? खुर्चीसमोर पाटी 'भारत' अशी असते. पण त्या खुर्चीवर बसून जो बोलतो, तो कुणाचे पोट डोळ्यासमोर ठेवून बोलतो?

भिंत चार दिवस टिकली

याच ऑगस्टमधले एक उदाहरण घ्या. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितले की शेतकरी, मच्छीमार आणि पशुपालक यांच्या हिताच्या आड येणाऱ्या कोणत्याही धोरणापुढे आपण भिंतीसारखे उभे आहोत. टाळ्या पडल्या. चारच दिवसांनी, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी ही सूट ३० सप्टेंबरपर्यंत होती. मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे विदर्भात आणि मराठवाड्यात पहिली वेचणी होऊन कापूस बाजारात येतो, नेमका तोच काळ.

कापड गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, तो त्यांना मिळाला. अमेरिकेच्या शुल्कामुळे त्यांच्या ऑर्डरी अडकल्या होत्या हेही खरे, आणि त्या गिरण्यांतही आपलेच कामगार आहेत. पण हिशोब बघा. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला होता. बाहेरचा स्वस्त कापूस आला की बाजारभाव हमीभावाच्या खाली जातो. मग दोन-तीन एकरवाला शेतकरी आधी मजुरी कापतो. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरते. ती बाई बहुतेक भूमिहीन आणि बहुतेक आपल्यातली. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा धक्का दिल्लीहून निघून तिच्या ओच्यापर्यंत पोहोचला. तिला कुणी विचारले? 'राष्ट्रहित' या शब्दात ती होती का?

मी इथे एका पक्षाचा हिशोब मांडत नाही. १९९४ मध्ये काँग्रेसचे सरकार होते, २०२५ मध्ये भाजपचे. खुर्चीवर बसणारे बदलले. खुर्चीमागे कोण उभे असते, ते मात्र बदलले नाही.

बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला होता

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून गेले, तेव्हा भांडण नेमके याच मुद्द्यावर झाले. १९३१ च्या दुसऱ्या परिषदेत गांधीजींचा दावा होता की काँग्रेस साऱ्या देशाची प्रतिनिधी आहे आणि अस्पृश्यांचीही. बाबासाहेबांनी तो दावा तिथेच, जगासमोर नाकारला. देशाच्या नावाने बोलणारा माणूस माझ्या नावाने बोलतोच असे नाही, ही त्यांची भूमिका होती. तेव्हाही त्यांना 'देशाची बदनामी करता' म्हणून दूषणे दिली गेली.

अर्थशास्त्रातही त्यांनी हेच केले. १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झाले. पुढे हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. तेव्हाचा वाद होता रुपयाच्या विनिमय दराचा. निर्यातदार म्हणत होते, रुपया स्वस्त ठेवा म्हणजे निर्यात वाढेल आणि देशाचा फायदा होईल. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? रुपया घसरला की किमती चढतात, मजुरी मात्र तेवढ्या वेगाने चढत नाही. म्हणजे निर्यातदाराच्या खिशात जे पडते ते मजुराच्या ताटातून काढलेले असते. 'देशाचा फायदा' हा शब्द त्यांनी फोडून दाखवला. त्याच्या आत दोन वर्ग निघाले, एक घेणारा आणि एक देणारा.

आज जीडीपी, निर्यात आणि 'विश्वगुरू' यांचे ढोल वाजत असताना आपल्याला हीच रीत वापरायची आहे. प्रत्येक सदस्यत्व आणि प्रत्येक करार फोडायचा आणि बघायचे, आत घेणारा कोण आणि देणारा कोण.

सही कोण करतो?

भारत 'गॅट' या व्यापार कराराचा १९४८ पासूनचा संस्थापक सदस्य. १५ एप्रिल १९९४ ला मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये नव्या करारावर सह्या झाल्या. भारतातर्फे तेव्हाचे वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी सही केली. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना जन्माला आली आणि भारत पहिल्या दिवसापासून तिचा सदस्य झाला. त्यासाठी संसदेची पूर्वमंजुरी घेतली गेली नाही. घ्यावी लागतही नाही.

का लागत नाही? संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, केंद्रसूचीच्या १४ व्या नोंदीनुसार परदेशांशी करार करणे हा केंद्राचा विषय आहे. कलम २५३ नुसार अशा कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, तो विषय राज्याचा असला तरी. करार कसा करावा, आधी कुणाला विचारावे, याचाही कायदा संसद करू शकते. पण ७५ वर्षांत संसदेने असा कायदा केलेलाच नाही. त्यामुळे मंत्रिमंडळ ठरवते आणि अधिकारी वाटाघाटी करतात. संसदेला नंतर कळते. राज्यसूचीतली नोंदही योगायोगाने १४ वीच आहे, आणि तिथे लिहिले आहे 'शेती'. शेती राज्यांची, पण शेतीवरचा जागतिक करार केंद्राने केला. त्यासाठी राज्यांच्या विधानसभांची मंजुरी घेण्याची गरज केंद्राला वाटली नाही.

दोष संविधानाचा नाही. संविधानाने दार ठेवले होते, राज्यकर्त्यांनी त्याला कडी लावली. १० मार्च २०२४ ला भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनश्टाइन या चार देशांच्या गटाशी, एफ्टाशी, व्यापार करार केला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू झाला. तोच करार स्वित्झर्लंडच्या संसदेपुढे मंजुरीसाठी गेला. आपल्याकडे मंत्रिमंडळाच्या मंजुरीवर काम भागले. सव्वा कोटीपेक्षाही कमी लोकसंख्येचा देश आपल्या खासदारांना विचारतो आणि जगातली सर्वांत मोठी लोकशाही विचारत नाही.

सार्वभौमत्व कधी आठवते?

आता दुटप्पीपणा बघा. तो समजला की सगळे समजले.

२००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. देशभरातले दलित कार्यकर्ते तिथे गेले. मागणी एवढीच होती की जन्मावर आधारलेल्या भेदभावात जातीचाही उल्लेख व्हावा. भारत सरकारने विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे सांगितले गेले. अंतिम जाहीरनाम्यात 'जात' हा शब्द येऊ दिला नाही. खरे तर वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९६८ मध्येच मान्यता दिली होती. त्या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९६ मध्येच म्हटले होते की करारातल्या 'कुळ' या शब्दात जात येते. २००२ मध्ये तिने हे आणखी ठामपणे लिहिले. पण आमचे सरकार हटले नाही.

याच काळात व्यापाराच्या टेबलावर काय चालले होते? अमेरिकेने केलेल्या तक्रारीत भारत हरला आणि १ एप्रिल २००१ पर्यंत उरलेल्या शेकडो वस्तूंवरचे आयात निर्बंध काढून टाकले. डब्ल्यूटीओच्या नियमासाठी १९७० चा पेटंट कायदा २००५ मध्ये बदलला. धान्याची किती खरेदी करावी, कोणत्या भावाने करावी, याचे गणित जिनिव्हात होऊ लागले. तेव्हा कुणी म्हणाले नाही की हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे.

औषध, बियाणे आणि धान्य हे जगाचे प्रश्न, आणि गटारात उतरून गुदमरून मरणारा माणूस तेवढा अंतर्गत प्रश्न! भांडवलाला दार सताड उघडे आणि न्यायाला 'आत या' म्हणायची पंचाईत. याला सार्वभौमत्व म्हणत नाहीत. हा पाटलाच्या वाड्याचा कायदा झाला. सावकार पुढच्या दाराने आत येतो आणि महारवाड्यातली तक्रार वेशीवरच अडवली जाते.

कामगारांच्या बाबतीतही तेच. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरच्या मंत्री परिषदेत श्रीमंत देशांनी कामगार हक्कांची अट व्यापाराला जोडायची मागणी केली. भारताने विरोध केला. त्या विरोधात तथ्य होते, कारण गरीब देशांचा माल अडवायला ती अट सोयीची ठरली असती. भारताचे म्हणणे होते की कामगारांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत, आयएलओत, सोडवावा. ठीक. मग तिथे काय केले? भारत आयएलओचा १९१९ पासूनचा संस्थापक सदस्य आहे. तिचे दोन पायाभूत करार आहेत. १९४८ चा ८७ क्रमांकाचा करार संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा, आणि १९४९ चा ९८ क्रमांकाचा करार सामूहिक वाटाघाटीच्या हक्काचा. भारताने आजतागायत दोन्ही स्वीकारलेले नाहीत. सरकारी कर्मचाऱ्यांचे सेवानियम आड येतात, असे कारण दिले जाते. म्हणजे डब्ल्यूटीओत सांगायचे 'तिकडे जा' आणि तिकडे गेले की दार बंद. ज्या बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ मजूरमंत्री म्हणून सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवण्याची पद्धत या देशात रुजवली, त्यांच्या नावाने शपथ घेणाऱ्या देशाची ही अवस्था.

दारूला एक न्याय, चपलेला दुसरा

आता आपल्या घरातले उदाहरण. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चप्पल दिसली. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचे नाव नाही. महाराष्ट्र पेटला. अस्मिता जागी झाली. अस्मितेच्या या गर्दीत दोन गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत.

पहिली गोष्ट कायद्याची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. जीआयचा कायदा भारतात आलाच डब्ल्यूटीओमुळे. तिच्या बौद्धिक संपदा करारात, ट्रिप्समध्ये, जीआयला दोन दर्जे आहेत. कलम २३ खाली वाइन आणि मद्याला वरचा दर्जा. दुसऱ्या प्रदेशातल्या वाइनला 'शॅम्पेन पद्धतीची' एवढे म्हणणेही चालत नाही, मग गिऱ्हाइकाची फसवणूक होवो न होवो. बाकी सगळ्या वस्तूंना कलम २२ चा खालचा दर्जा. तिथे गिऱ्हाइकाची दिशाभूल झाली हे आधी सिद्ध करा. युरोपच्या द्राक्षमळ्याचे नाव पवित्र, आणि ढोर-चांभाराच्या हातचे कसब दुय्यम. जागतिक कायद्यातही वर्णव्यवस्था असते, ती अशी. भारत आणि इतर काही देश दोन दशकांहून अधिक काळ मागणी करत आहेत की वरचे संरक्षण सगळ्यांना द्या. ते अजून मिळालेले नाही. शिवाय जीआय नावाचे रक्षण करते, चपलेच्या घाटाचे नाही. नाव न वापरता घाट उचलला तर हा कायदा फारसा कामाचा नाही. मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली, तीही जुलैमध्ये फेटाळली गेली. ज्यांच्या नावावर नोंदणी आहे त्यांनी दाद मागावी, असा त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट घरची. प्राडाने चोरी केली म्हणून ओरडणारे २०१५ मध्ये कुठे होते? तेव्हा महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला आणि कातड्याचा पुरवठा आटला. २०१६ च्या जुलैमध्ये गुजरातच्या उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना उघडे करून मारले, तेव्हा ही अस्मिता कुठे झोपली होती? चप्पल 'आमची संस्कृती', पण ती शिवणारा मात्र 'त्यांच्यातला'. कातडे कमावणारा अस्पृश्य, कातडे विकणारा निर्यातदार, आणि कातड्याची चप्पल 'महाराष्ट्राची शान'.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला. २,००० जोड इथे बनतील, किंमत जोडाला सुमारे ८०० युरो. चांगले आहे. पण आपला प्रश्न पुढे सुरू होतो. त्या ८०० युरोंतले कमावणाऱ्याला किती, शिवणाऱ्याला किती आणि वेणी घालणाऱ्या बाईला किती? हा आकडा कराराच्या बातमीच्या मथळ्यात येत नाही. आंतरराष्ट्रीय खुर्चीवर आपला माणूस असता तर पहिला प्रश्न हाच विचारला गेला असता.

मग बाहेर पडायचे का?

इथे आपले काही डावे मित्र म्हणतील, म्हणूनच आम्ही सांगतो, डब्ल्यूटीओतून बाहेर पडा. मला हे पटत नाही.

कायदा कमजोर असला तरी लेखी कायदा हवा, हे आपल्याइतके कुणाला कळणार? अॅट्रॉसिटीचा कायदा नीट राबवला जात नाही, म्हणून आपण तो रद्द करा म्हणतो का? जिथे लेखी कायदा नसतो तिथे गावकी चालते आणि गावकीत कुणाचे चालते ते आपल्याला माहीत आहे. जगाच्या बाजारातही तेच आहे. डिसेंबर २०१९ पासून डब्ल्यूटीओचे अपील मंडळ बंद पडले आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. निकाल लागला तरी अपिलाच्या नावाखाली तो लटकवता येतो. दांडग्याला कोर्ट नकोच असते. ५० टक्क्यांचे शुल्क एका माणसाच्या सहीने लागले, ते या गावकीतच. अशा वेळी नियमांच्या बाहेर पडणे म्हणजे दांडग्याच्या अंगणात उघड्यावर जाऊन उभे राहणे.

आत राहून लढता येते, याचीही उदाहरणे आहेत. ट्रिप्समधल्याच सक्तीच्या परवान्याच्या तरतुदीचा वापर करून मार्च २०१२ मध्ये भारताने एका कर्करोगाच्या औषधाचा परवाना देशी कंपनीला दिला. महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ९,००० रुपयांच्या आत आला.

धान्याचेही बघा. डब्ल्यूटीओच्या नियमात हमीभावाची तुलना १९८६-८८ च्या जुन्या किमतीशी केली जाते. त्यामुळे फरक फुगतो आणि तो उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांवर गेला की सरकार दोषी. याच गणिताने रेशन धोक्यात आले असते. २०१३ मध्ये बालीत 'शांतता कलम' मिळवले, २०१४ मध्ये भारत अडून बसला तेव्हा ते कायमचा तोडगा निघेपर्यंत लांबले. २०१८-१९ च्या तांदळासाठी भारताने त्याचाच आधार घेतला. सुमारे ८१ कोटी लोकांचे रेशन या कलमावर उभे आहे. भूमिहीन, दलित, आदिवासी घरांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तिथे भारताची भूमिका बरोबर होती आणि ते आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

पण कायमचा तोडगा अजून निघालेला नाही. आणि रेशनची लढाई 'शेतकऱ्यांची लढाई' म्हणूनच सांगितली जाते. हमीभावाची मागणी रास्तच आहे. पण जमीन ज्याच्याकडे आहे त्याला भाव मिळतो, आणि जमीन ज्याच्याकडे नाही त्याला रेशन आणि मजुरी लागते. जिनिव्हातल्या टेबलावर जमीनवाल्याचे नाव निदान ऐकू तरी येते. मजुराचे नाव तिथे कुणी घेत नाही.

आयएलओचेही तसेच. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० मध्ये स्वीकारला. त्याच्याच आधारे आयएलओची तज्ज्ञ समिती वर्षानुवर्षे भारत सरकारला हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेबद्दल जाब विचारत आली आहे. डर्बनला जात बाहेर ठेवली, पण इथे सहीमुळे ती आत आली. सदस्यत्वाचा उपयोग असा करायचा असतो.

स्वदेशीची तर गोष्टच सोडा. स्वदेशी गिरणीत खाते-खात्यात जात होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकर खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. शोषक स्वदेशी आहे म्हणून आपण त्याच्या गळ्यात हार घालायचा काय?

आपण काय मागायचे?

घोषणा पुरे झाल्या. आता मागण्या नेमक्या हव्यात.

एक. आंतरराष्ट्रीय करारांसाठी संसदेने कायदा करावा. महत्त्वाचा व्यापार करार संसदेच्या मंजुरीशिवाय लागू होऊ नये. शेतीसारखा राज्याचा विषय असेल तर राज्यांचे मत आधी घ्यावे. ही मागणी संविधानाच्या चौकटीतलीच आहे.

दोन. करारावर सही होण्याआधी त्याचा सामाजिक हिशोब जाहीर करावा. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, मच्छीमार, भूमिहीन मजूर आणि स्त्री कामगार यांच्या रोजगारावर काय परिणाम होईल, ते लिहून सांगावे. निर्यातदारांच्या संघटनांशी चर्चा होते, मग सफाई कामगारांच्या आणि चर्मकारांच्या संघटनांशी का नाही?

तीन. सरकारी खरेदीतला आपला वाटा वाचवावा. २०१२ च्या आदेशानुसार केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून ४ टक्के खरेदी करायची आहे. हे उद्दिष्ट वर्षानुवर्षे गाठलेले नाही. आणि दुसरीकडे २०२२ च्या संयुक्त अरब अमिरातीच्या करारापासून सरकारी खरेदीचे प्रकरण व्यापार करारांत शिरले आहे. २४ जुलै २०२५ ला झालेल्या ब्रिटनच्या करारातही ते आहे. लघुउद्योगांचे प्राधान्य कायम आहे असे सरकार सांगते. मग प्रत्येक करारात या ४ टक्क्यांचा स्पष्ट उल्लेख करायला हरकत काय?

चार. आयएलओचे ८७ आणि ९८ हे करार स्वीकारावेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. संप करणे अवघड झालेल्या काळात या दोन करारांची गरज आणखी वाढली आहे.

पाच. जीआयचा पैसा कारागिराच्या हातात पोहोचावा. प्रत्येक कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी महामंडळाने घरी जाऊन करून द्यावी, आणि परदेशी कंपनीशी होणाऱ्या करारात मजुरीचा दर छापावा.

आणि शेवटची मागणी आपली आपल्याकडे. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनला जाऊन अर्थशास्त्र शिकले, ते नाण्यांचे आणि विनिमयाचे. तेव्हाही तो विषय 'आपला' नव्हता, त्यांनी तो आपला केला. आज आपल्यातली पोरे-पोरी कायदा आणि अर्थशास्त्र शिकत आहेत, परदेशी शिष्यवृत्तीवर जात आहेत. त्यांतल्या काहींनी व्यापार कायदा हा विषय घ्यावा. कराराचे मसुदे कंटाळवाणे असतात, ते मुद्दाम तसे असतात. जयंतीच्या व्याख्यानमालेत वर्षातून एक दिवस एखादा करार वाचायला काढा. आपल्या मतदारसंघातल्या खासदाराला, विशेषतः राखीव जागेवरून निवडून गेलेल्याला, लेखी विचारा: हा करार तुम्ही वाचलात का? यात आमचे काय? उत्तर येत नसेल तर तेही जाहीर करा.

गोलमेजात बाबासाहेब बोलायला उभे राहिले तेव्हा टेबल ब्रिटिशांचे होते, परिषद ब्रिटिशांची होती आणि देशातले बलाढ्य पुढारी विरोधात होते. म्हणून ते घरी बसले नाहीत आणि 'देश' या शब्दामागे आपल्या लोकांचा प्रश्न लपूही दिला नाही. ब्रिक्स असो, डब्ल्यूटीओ असो की उद्याचा आणखी एखादा करार, आपलाही मार्ग हाच आहे. खुर्ची सोडायची नाही आणि खुर्चीवर बसलेल्याला हिशोब विचारल्याशिवाय राहायचे नाही.

जय भीम. जय संविधान.